सिएनातील छायाचित्रण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इटलीच्या तोस्काना प्रांतातील सिएना हे तीन टेकड्यांच्या माथ्यांवर आणि उतारांवर पसरलेले मध्ययुगीन शहर आहे. त्याचा जुना भाग १९९५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. आपल्याकडील बहुतेक पर्यटक फ्लॉरेन्सहून सकाळी निघतात, अकराच्या सुमारास येथे पोहोचतात आणि चारच्या आत परततात. पुढील उत्तरे अशा प्रवाशांसाठी आहेत ज्यांना या शहराची छायाचित्रे मनापासून काढायची आहेत आणि त्यासाठी वेळ मोडण्याची ज्यांची तयारी आहे.

सिएनात किती दिवस राहावे?

निदान दोन रात्री राहावे, आणि त्या शक्यतो जुन्या शहराच्या तटबंदीच्या आत काढाव्यात. येथील प्रत्येक दृश्याला उजेडाची एक ठरावीक बाजू आहे. टेकड्यांच्या चढउतारांमुळे जी भिंत सकाळी उजळते ती दुपारनंतर काळवंडते आणि जी सकाळी काळोखात असते ती संध्याकाळी तांब्यासारखी तापलेली दिसते. दिवसभराच्या सहलीत वाट्याला येणारे तास नेमके डोक्यावरच्या उन्हाचे असतात. तेव्हा चौक पांढुरका दिसतो, गल्ल्या काळ्या पडतात आणि गर्दी ऐन भरात असते. सहलीच्या बसगाड्या निघून गेल्यावर शहर परत तेथील रहिवाशांचे होते. मुले चौकात चेंडू खेळतात, खिडक्यांतून जेवणाच्या ताटांचे आवाज ऐकू येतात. ज्यांना केवळ इमारती नव्हे तर वस्तीही टिपायची आहे, त्यांनी संध्याकाळची ही वेळ सोडू नये.

कोणत्या ठिकाणी कोणत्या वेळी जावे?

हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण सिएनात कॅमेऱ्यापेक्षा दिशेचे भान जास्त उपयोगी पडते.

सकाळी शहराच्या आग्नेय टोकाला असलेल्या सान्ता मारिया देइ सेर्वी या चर्चच्या पायऱ्यांवर जावे. तेथून वायव्येकडे पाहिले की घरांच्या छपरांवरून तोर्रे देल मांजा हा विटांचा मनोरा आणि पलीकडे दुओमो, म्हणजे मुख्य कॅथेड्रल, एकाच नजरेत येतात. सूर्य आपल्या पाठीशी असतो. येथे गर्दी फारच कमी असते, आणि शहराचे रूप समजून घेण्यासाठी याहून चांगली पहिली जागा मला माहीत नाही.

संध्याकाळी उलट टोक गाठावे. सान दोमेनिको हे विटांचे भलेमोठे चर्च फोन्तेब्रान्दाच्या दरीच्या एका काठावर उभे आहे आणि दरीच्या दुसऱ्या काठावर दुओमो. चर्चच्या बाजूच्या उतारावरून दुओमोचा पट्ट्यापट्ट्यांचा घंटामनोरा, त्याखाली एकमेकींवर रचल्यासारखी घरे आणि मावळतीचे ऊन असा पट समोर येतो. येथे टेलिफोटो लेन्स उपयोगी पडते, कारण दरीमुळे डावीउजवीकडची रिकामी जागा फार येते आणि घरांची दाटी दूरून जवळ ओढल्याशिवाय जाणवत नाही.

दुओमोचा दर्शनी भाग नैर्ऋत्येकडे आहे. त्यामुळे सकाळी तो सावलीत असतो आणि दुपारी दोननंतर उजळत जातो. मात्र सूर्य अगदी खाली येईपर्यंत थांबू नये, कारण समोरच्या सान्ता मारिया देल्ला स्काला या जुन्या रुग्णालयाच्या इमारतीची सावली त्याच्यावर चढू लागते. काम्पो या मुख्य चौकातील पालाझ्झो पुब्लिको म्हणजे नगरसभागृह वायव्येकडे तोंड करून असल्याने तेही दुपारनंतरचेच आहे.

आणखी एक जागा सांगतो, जी घाईतल्या पर्यटकांच्या वाटेवर येत नाही. नगरसभागृहाच्या मागच्या दरीत ओर्तो दे पेच्ची नावाची मोकळी हिरवी जमीन आहे. तेथे भाजीचे वाफे आहेत, झाडे आहेत, आणि वर पाहिले की त्या शेतातूनच मनोरा उगवल्यासारखा दिसतो. चौकापासून चालत दहा मिनिटांच्या आत शेत लागावे, ही या शहराची खरी ओळख आहे.

काम्पो चौक एका छायाचित्रात मावत नाही. काय करावे?

पूर्ण चौक एका चौकटीत कोंबण्याचा आग्रह आधी सोडावा. प्रवासवर्णनांत या चौकाला शिंपल्याची उपमा देतात. मराठी वाचकाला मात्र धान्य पाखडायचे सूप डोळ्यांसमोर आणले की त्याचा आकार चटकन कळेल. मागची कड वर आणि रुंद, पुढे खोलगट उतार, आणि सगळा उतार नगरसभागृहाच्या पायाशी जाऊन थांबलेला. विटांच्या या फरसबंदीचे पांढऱ्या दगडाच्या पट्ट्यांनी नऊ भाग केलेले आहेत. १२८७ ते १३५५ या काळात सिएनावर 'नऊ जणांचे' सरकार होते, त्याची ती आठवण. छायाचित्रकाराला हे पट्टे म्हणजे आयत्या मिळालेल्या रेषा आहेत, कारण त्या सगळ्या एका बिंदूकडे धावतात. वरच्या कडेला फोन्ते गाया या कारंज्याजवळ उभे राहून कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आणावा, म्हणजे या रेषा नजरेला आपोआप खाली सभागृहाकडे नेतात.

उन्हाळ्यात सकाळपासून दुपारपर्यंत मनोऱ्याची सावली सूर्यघड्याळाच्या काट्यासारखी चौकावरून सरकते आणि बसलेली माणसे तिच्याबरोबर सरकतात. सूपभर तापलेल्या विटा आणि मधल्या एका गडद पट्टीत दाटीवाटीने बसलेली माणसे हे दृश्य मी एका जुलैमध्ये वरच्या कडेवरून सुमारे दोन तास पाहिले. दर काही मिनिटांनी कोणीतरी उठे, पिशवी उचले आणि हातभर अंतरावर पुन्हा बसे. त्या दिवशी मी काढलेल्या छायाचित्रांत मनोरा कोठेच नाही, तरी प्रत्येकात तो आहे.

चौकाभोवतीच्या इमारतींकडेही लक्ष द्यावे. १२९७ मध्ये नगरसभेने नियम केला की चौकाकडे तोंड असलेल्या घरांना बारीक खांबांच्या खिडक्या असाव्यात आणि पुढे आलेले सज्जे नसावेत. आज आपल्याला जी वळणदार, एकसंध भिंत दिसते ती योगायोगाने झालेली नाही. सातशे वर्षांपूर्वी या लोकांनी आपला चौक कसा दिसावा हे ठरवले आणि पाळले. आपली चौकट मांडताना ही गोष्ट मनात असली की चौकटीत काय ठेवावे याचा निर्णय सोपा होतो.

मनोऱ्यावर चढावे की फाच्चातोनेवर?

जमल्यास दोन्हींवर, पण वेगवेगळ्या वेळी. तोर्रे देल मांजा चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधला गेला. त्याची उंची ८७ मीटर आहे आणि सुमारे ४०० पायऱ्या चढाव्या लागतात. तेथून दुओमो पश्चिमेकडे दिसतो, म्हणून सकाळचा उजेड सोयीचा. फाच्चातोने ही एका अपुऱ्या राहिलेल्या स्वप्नाची भिंत आहे. सिएनाकरांनी १३३९ मध्ये आपल्या कॅथेड्रलचा प्रचंड विस्तार करायला घेतला, पण १३४८ च्या प्लेगने शहर खचले आणि ते काम पुढे सोडून द्यावे लागले. उभ्या राहिलेल्या त्या एकट्या भिंतीच्या माथ्यावरून पूर्वेकडे चौक आणि मनोरा दिसतात, म्हणून तेथे दुपारनंतर जावे.

एकच निवडायचे असेल तर मी फाच्चातोने निवडीन. मनोऱ्यावर उभे राहिल्यावर मनोराच दिसत नाही, आणि मनोऱ्याविना सिएनाचे छायाचित्र ओळखू येत नाही. दोन्हीकडचे जिने अरुंद आहेत. पाठीवर मोठी बॅग घेऊन जाऊ नये.

विटांचा रंग छायाचित्रात नारिंगी किंवा फिका का येतो?

शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा दिलेल्या प्रत्येकाच्या रंगपेटीत 'बर्न्ट सिएना' नावाची बाटली असायची. ते नाव याच शहराचे आहे. या परिसरातील लोहयुक्त माती कच्ची असताना पिवळसर तपकिरी असते आणि भाजली की तांबूस होते, म्हणून 'रॉ सिएना' आणि 'बर्न्ट सिएना' असे दोन रंग. शहराच्या विटांतही हीच छटा आहे.

कॅमेऱ्याचा आपोआप चालणारा व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडानुसार रंग जुळवण्याची सोय, येथे फसतो. संपूर्ण चौकट तांबूस असली की तो तिला 'दुरुस्त' करायला जातो आणि विटा करड्या पडतात. मोबाइलमध्ये बऱ्याचदा उलटे होते, रंग भडक केला जातो आणि विटा नारिंगी दिसतात. उपाय सोपा आहे. व्हाइट बॅलन्स 'डेलाइट'वर कायम ठेवावा, शक्य असल्यास रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) काढावी, आणि घरी रंग ठरवताना चौकातील पांढऱ्या दगडी पट्ट्या प्रमाण मानाव्यात. मावळतीच्या उन्हात मात्र त्या पट्ट्याही पिवळ्या असतात आणि तशाच राहू द्याव्यात.

दुओमोच्या आत छायाचित्रे कशी घ्यावीत?

आतील खांब आणि भिंती काळ्या-पांढऱ्या संगमरवराच्या पट्ट्यांनी मढवलेल्या आहेत. सिएनाच्या ध्वजचिन्हाचे रंगही काळा आणि पांढराच. डोळ्यांना हे भव्य वाटते, पण कॅमेऱ्याच्या एक्स्पोजरला, म्हणजे आत घ्यायच्या उजेडाच्या मोजमापाला, ते जड जाते. पांढरा संगमरवर जळू नये म्हणून एक्स्पोजर किंचित कमी ठेवावे आणि काळ्यातील तपशील नंतर उचलावा. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबाबतची संवेदनशीलता, १६०० ते ३२०० पर्यंत नेण्यास कचरू नये, कारण थोडा दाणा चालतो, हललेले छायाचित्र मात्र वाया जाते.

पण येथे थोडे थांबून पाहण्यासारखे पुष्कळ आहे. निकोला पिसानोने १२६५ ते १२६८ या काळात घडवलेले प्रवचनपीठ, पिंतुरिक्योच्या भित्तिचित्रांनी उजळलेले पिक्कोलोमिनी ग्रंथालय आणि पायाखालची फरशी. संगमरवरात कोरलेल्या आणि जडवलेल्या ५६ चित्रचौकटींची ही फरशी शतकानुशतके पूर्ण होत गेली. जतनासाठी तिचा बराच भाग वर्षातील बहुतेक काळ झाकलेला असतो आणि उन्हाळ्यात व त्याच्या अखेरीस काही आठवडेच खुला होतो. तारखा दरवर्षी जाहीर होतात. फरशीसाठीच जाणार असाल तर त्या पाहून प्रवास ठरवावा. तिचे छायाचित्र काढताना कॅमेरा छातीशी फरशीला अगदी समांतर धरावा, नाहीतर आकृत्यांची प्रमाणे बिघडतात.

संग्रहालयांत ट्रायपॉड आणि फ्लॅश चालतात का?

नाही. इटलीच्या सांस्कृतिक वारशाविषयीच्या कायद्यानुसार ज्यातून नफा कमवायचा नाही असे छायाचित्रण सर्वसाधारणपणे मुक्त आहे, परंतु वस्तूला स्पर्श होता कामा नये, तिच्यावर प्रकाशझोत टाकता कामा नये, आणि संस्थेच्या आत स्टँड किंवा ट्रायपॉड वापरता येत नाही. चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना कॅमेरा पिशवीतच राहू द्यावा. काही ठिकाणी छायाचित्रणाला पूर्ण मनाई असते, दारावरची पाटी पाहावी.

नगरसभागृहातील संग्रहालयात आंब्रोज्यो लोरेन्झेत्तीची १३३८–३९ मधील सुराज्य आणि कुराज्य दाखवणारी भित्तिचित्रे आहेत. त्यांतील सुराज्याच्या चित्रात तटाच्या एका बाजूला गजबजलेले शहर आहे, दुसऱ्या बाजूला नांगरलेली शेते आहेत आणि मध्ये उघडे दार आहे. कॅमेरा उचलण्याआधी ते चित्र अर्धा तास पाहावे असे मी आवर्जून सांगतो. शहर आणि शेत एकत्र कसे मांडायचे याचा धडा त्यात आहे, आणि तेथून बाहेर पडून ओर्तो दे पेच्चीत गेले की तीच मांडणी समोर दिसते.

गल्ल्या फार काळोख्या येतात. उपाय काय?

आकाश चौकटीतून काढून टाकावे. उंच घरांमधल्या अरुंद गल्लीत वरचे आकाश आणि खालची फरसबंदी यांच्या उजेडात इतका फरक असतो की दोन्ही सांभाळता येत नाहीत. त्याऐवजी एखाद्या भिंतीवर वरून उतरलेली उन्हाची पट्टी शोधावी, तिच्यावर एक्स्पोजर धरावे आणि कोणीतरी त्यातून जाण्याची वाट पाहावी. दिव्यांची वेळ झाली की मात्र आकाश पुन्हा घ्यावे. तिन्हीसांजेला पंधरा-वीस मिनिटे आकाशाचा निळा आणि दिव्यांचा पिवळा समसमान होतात.

स्थानिक लोकांची छायाचित्रे काढलेली चालतात का?

कायद्याने पाहता, इटलीत एखाद्या व्यक्तीचे चित्र तिच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करता येत नाही, पण सार्वजनिक प्रसंग आणि समारंभ यांना त्यातून सवलत आहे. मात्र सिएनात कायद्याच्या आधी रीत येते. हे शहर सतरा कोंत्रादांमध्ये विभागलेले आहे. कोंत्रादा म्हणजे केवळ मोहल्ला नव्हे. प्रत्येकीचे स्वतःचे चर्च, संग्रहालय, झेंडा आणि कारंजे असते आणि मूल जन्मल्यावर त्या कारंज्यापाशी त्याला कोंत्रादात सामावून घेतले जाते. गोगलगाय, हंस, कासव, जिराफ, डॉल्फिन अशी त्यांची चिन्हे भिंतींवरील छोट्या फलकांवर दिसतात. चालताना फलक बदलला की आपण दुसऱ्या कोंत्रादात आलो असे समजावे. या सीमा अठराव्या शतकात सिएनाची तेव्हाची राज्यपाल, बव्हेरियाची व्हियोलान्ते, हिने ठरवून दिल्या.

पालियो या कोंत्रादांच्या घोड्यांच्या शर्यतीच्या आदल्या रात्री गल्लीतच लांबच लांब टेबले मांडून कोंत्रादाची पंगत बसते. अशा एका पंगतीच्या टोकाला उभा राहून मी कॅमेरा वर केला, तेव्हा शेजारच्या वयस्क गृहस्थांनी काही न बोलता तळहात खाली दाबल्याची खूण केली. कोंत्रादाचे गीत सुरू होत होते. गीत संपल्यावर त्यांनीच माझ्या कोपराला धरून मला पुढे नेले आणि मुलांच्या रांगेकडे बोट केले. सगळ्या मुलांच्या गळ्यात एकाच रंगाचे रुमाल होते, आणि सर्वांत लहान मुलाचा रुमाल त्याच्या पोटापर्यंत पोहोचत होता. ते छायाचित्र मला परवानगीने मिळाले, म्हणून त्यात कोणीही कॅमेऱ्याला बिचकलेले नाही.

पालियोची छायाचित्रे काढायची आहेत. कोठे उभे राहावे?

पालियो ही घोड्यांची शर्यत दरवर्षी २ जुलै आणि १६ ऑगस्ट या दिवशी काम्पो चौकात होते. सतरांपैकी दहा कोंत्रादा भाग घेतात, स्वार खोगिराविना बसतात, चौकाला तीन फेऱ्या होतात आणि साधारण दीड मिनिटात सारे संपते. स्वार पडला तरी घोडा पहिला आला की कोंत्रादा जिंकते.

चौकाच्या मधल्या भागात प्रवेश विनामूल्य असतो, परंतु जागा मिळवायची तर दुपारीच शिरावे लागते आणि शर्यत संपेपर्यंत बाहेर पडता येत नाही. कडक ऊन, शौचालयाची सोय नाही आणि सुरुवातीच्या दोरापाशी घोडे रांगेत उभे राहण्यासच कधी कधी तासभर जातो. लहान मुले किंवा वृद्ध आईवडील बरोबर असतील तर हा बेत करू नये. कडेच्या मंचावरील आणि खिडक्यांतील जागा बऱ्याच महाग असतात.

छायाचित्रासाठी आतल्या कठड्याला चिकटून जागा मिळाली तरच उपयोग आहे. मागे राहिल्यास ऐन वेळी वर झालेल्या हातांशिवाय काही दिसत नाही. सान मार्तीनोचे वळण उतारावर आणि तीव्र आहे, तेथे भिंतीला गाद्या लावलेल्या असतात आणि शर्यतीचे भवितव्य बहुधा तेथेच ठरते. शटर सेकंदाच्या १/१००० भागावर ठेवावा. शर्यत संध्याकाळी सात-साडेसातच्या सुमारास असल्याने उतरत्या उजेडात आयएसओ वाढवावा लागतो.

माझा प्रामाणिक सल्ला वेगळा आहे. शर्यतीच्या दिवशी कॅमेऱ्यातून पाहण्यापेक्षा तीन दिवस आधी या. २९ जून किंवा १३ ऑगस्टला घोड्यांच्या चिठ्ठ्या पडतात आणि त्यानंतर सहा सराव-शर्यती होतात. घोडे तेच, चौकात अंथरलेली पिवळी माती तीच, पण श्वास घ्यायला जागा असते. शर्यतीच्या दुपारी प्रत्येक कोंत्रादाच्या चर्चमध्ये घोड्याला आत नेऊन आशीर्वाद दिला जातो. तेथे जाता आले तर फ्लॅश बंद आणि तोंडही बंद ठेवावे. घोडा बुजला तर तो दोष आयुष्यभर पुसला जात नाही.

ड्रोन उडवता येईल का?

जुन्या शहरावर नाही असेच धरून चालावे. युरोपीय नियमांनुसार जमावावरून ड्रोन उडवता येत नाही आणि इटलीत नोंदणी व विमा दोन्ही लागतात. कॅमेरा असेल तर २५० ग्रॅमपेक्षा हलक्या ड्रोनलाही नोंदणी लागते.

कोणती लेन्स न्यावी? मोबाइल पुरेल का?

२४ ते ७० मिलिमीटरची एक लेन्स नव्वद टक्के काम करते. सान दोमेनिकोच्या काठासाठी आणि पालियोसाठी २०० मिलिमीटरपर्यंतची दुसरी. मोबाइलही पुरतो, मात्र मनोऱ्याकडे फोन वर तिरपा करू नये, मागे सरकावे. तिरपा केला की मनोरा मागे पडल्यासारखा दिसतो.

कोणता ऋतू चांगला?

शहरासाठी ऑक्टोबर-नोव्हेंबर, सभोवतालच्या मातीसाठी एप्रिल-मे. जूनअखेरीस सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे संध्याकाळचा उजेड हवा असेल तर जेवण पुढे ढकलावे लागते. डिसेंबरमध्ये तो पावणेपाचच्या आत मावळतो, पण दिवसभर ऊन तिरपे असते आणि सकाळी दऱ्यांत धुके साचते.

आग्नेयेला आश्यानोच्या वाटेवर क्रेते सेनेसी नावाच्या चिकणमातीच्या उघड्या टेकड्या आहेत. वसंतात तेथे गव्हाची हिरवळ असते, कापणीनंतर नांगरलेली राखाडी ढेकळे. तेथे गाडी लागते. परतताना ती जुन्या शहरात घालू नये, कारण आत केवळ परवानाधारक वाहने चालतात आणि कॅमेरे क्रमांक टिपतात.

छायाचित्रे विकायची असल्यास?

संग्रहालयातील वस्तू किंवा संरक्षित वास्तू यांच्या छायाचित्रांचा व्यावसायिक वापर करण्यासाठी ती सांभाळणाऱ्या संस्थेची लेखी परवानगी लागते आणि शुल्कही लागू शकते. काढण्याआधी पत्रव्यवहार करावा.

फ्लॉरेन्सहून सामानासह कसे पोहोचावे?

थेट बस जुन्या शहराच्या कडेपर्यंत येते आणि सुमारे सव्वा तास घेते. रेल्वे स्थानक टेकडीच्या पायथ्याशी आहे. तेथून वर येण्यासाठी सरकत्या जिन्यांची मालिका आहे. चाकांची बॅग दगडी चढावर त्रास देते, पाठीवरची बरी.

पाऊस आला तर दिवस वाया जातो का?

मुळीच नाही, उलट तेव्हा काम्पो गाठावा. चौकाच्या सर्वांत खालच्या बिंदूला, सभागृहासमोर, गाविनोने नावाचे दगडी मोरीचे तोंड आहे आणि संपूर्ण सुपाचे पाणी तेथे येऊन उतरते. पाऊस थांबल्यावर पहिली काही मिनिटे विटा जवळजवळ चॉकलेटी होतात, पांढरे पट्टे चमकतात आणि विटांच्या फटींतून पाण्याच्या बारीक धारा खाली धावतात. मोरीच्या अलीकडे बसकण मारून कॅमेरा जमिनीला टेकवला तर ओल्या विटांवर मनोरा उलटा दिसतो. लेन्स पुसायला सुती रुमाल जवळ ठेवावा.